प्राथमिक शाळेत अवकाशविज्ञान: शास्त्रज्ञांनी वर्ग घ्यावा की बाईंच्या मागे उभं राहावं?

नेरुळकर

नमस्कार मंडळी.

आमच्या सेक्टरच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांत निवृत्त शास्त्रज्ञ आणि इंजिनियर रग्गड. मीही त्यातलाच, ट्रॉम्बेला नोकरी झाली. चांद्रयान-३ उतरलं (२३ ऑगस्ट २०२३) तेव्हापासून ऑगस्ट आला की आसपासच्या शाळांची बोलावणी सुरू होतात. 'राष्ट्रीय अंतराळ दिन आहे, येऊन तासभर बोला.' आम्ही जातो, बोलतो, शाल-नारळ घेतो, घरी येतो.

यंदा एका महापालिका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी निराळंच विचारलं. भाषण नको, तिसरी ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षभर काही करता येईल का? तेव्हापासून बागेत दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, आठवड्यातून एकदा आपणच जाऊन तास घ्यायचा, बाईंना तेवढाच आराम. दुसरा म्हणतो, शिकवतील बाईच, आपण मागे राहून साहित्य, शंका, प्रयोगाची तयारी एवढं बघायचं. माझा कल दुसरीकडे आहे. पण आमच्यातल्या एकानेही आठ वर्षांच्या पोरांना कधी शिकवलेलं नाही. इथे शिक्षक बरेच आहेत, पालक तर आहेतच. अनुभव लिहा. शिव्या घातल्यात तरी चालेल.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री

पहिला! नारळांचं पुढे काय करता काका?

नेरुळकर

सोलकढी.

खडूफळा

कळव्याला पालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते.

काका, तुमचा पहिला गट आमच्याकडे येऊन गेलाय. (तुमचा नव्हे, तसलाच दुसरा.) एक मोठे गृहस्थ आले होते, संस्थेचं नाव लिहीत नाही. ढीगभर स्लाइड, सगळ्या इंग्रजीत, सुरुवातच कृष्णविवरापासून. हॉलमध्ये तिसरी ते सातवी कोंबलेली. मागच्या रांगेत फुली-गोळा कधी सुरू झाला ते कळलंही नाही. शेवटी 'एनी क्वेश्चन्स?' झालं. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं उभं राहून विचारलं, "सर, चंद्र दुपारी कसा काय दिसतो?" ते घाईत होते, त्यांची गाडी आली होती. म्हणाले, "चंद्र रात्री दिसतो बाळा," आणि पुढचा प्रश्न. ती वळून माझ्याकडे बघायला लागली, कारण आदल्याच दिवशी मधल्या सुट्टीत तिनं मला तो दाखवला होता, शेजारच्या बिल्डिंगच्या टाकीवर.

त्यांना माहीत नव्हतं असं मुळीच नाही. त्यांनी प्रश्न ऐकलाच नाही. आम्ही रोज ऐकतो. कुठल्या मुलाच्या डोक्यात काय बसलंय ते आम्हाला ठाऊक असतं. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं निम्म्या वर्गाला वाटतं, आणि मोठ्या माणसांनाही विचारून बघा. उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो हेही तसंच. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला. हे मी वर्गात सांगितलं की पोरं म्हणतात, मग थंडी का? तिथून पुढे मला आधार लागतो. मला तास घेणारा माणूस नको. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं की सकाळी शाळा भरायच्या आत उत्तर देणारा माणूस हवाय.

तिरकस

मधे तोंड घालतो. असरचे (शाळकरी पोरांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीचे) अहवाल वाचा. पाचवीतल्या किती पोरांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही ते बघा. भागाकार तर सोडाच. आणि आपण त्यांना मंगळावर न्यायला निघालोय. चांद्रयान उतरलं की सगळ्यांना इस्रो आठवते, पेपरात फोटो येतो, सेल्फी होतात. हेच निवृत्त लोक रोज एक तास वाचन घ्यायला बसले तर जास्त उपयोग होईल. पण त्यात शाल मिळत नाही.

रेवती_घोडबंदर

तिरकसराव, टोमणा बाजूला ठेवू, मुद्द्यात दम आहे. पण पैसेवाल्या शाळांतही काही वेगळं नाही हो. लेकीच्या शाळेत (नाव नको) 'स्पेस लॅब'ची वेगळी फी आहे. डोळ्यांवर तो चष्मा चढवून मुलं गुरूभोवती चक्कर मारून येतात. तिला गुरूच्या चार मोठ्या चंद्रांची नावं क्रमाने पाठ. परवा विचारलं, आपल्या बाल्कनीतून सूर्य उगवताना दिसतो की मावळताना? माहीत नाही! पंधराव्या मजल्यावर राहतो आम्ही, समोर येऊरचे डोंगर, संध्याकाळी पडदे ओढावे लागतात इतकं ऊन येतं.

आणि हीच शाळा २६ डिसेंबर २०१९च्या सूर्यग्रहणाला काय करते? 'सुरक्षेसाठी' मुलांना वर्गात बसवून खिडक्या बंद. मोठी लेक तेव्हा तिसरीत होती. मी दांडी मारायला लावली आणि गच्चीत बुंदीचा झारा धरला. जमिनीवर झाऱ्याच्या प्रत्येक भोकाची एकेक चंद्रकोर. म्हणजे सूर्यकोर म्हणा. सोसायटीतल्या सगळ्या काकवा आपापले झारे आणि चाळण्या घेऊन वर आल्या.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री

आणि ग्रहणात बुंदी पाडल्याबद्दल सासूबाई काय म्हणाल्या?

रेवती_घोडबंदर

त्यांचाच झारा होता.

खडूफळा

@तिरकस, चौथीच्या वर्गात उभी असते, त्यामुळे वाचनाचं मला सांगू नका. पण दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत असं का धरता? वर्गात 'चांदोबाची वही' काढली होती. रोज चंद्र दिसला का, कुठे, किती वाजता, चित्र, आणि खाली एक ओळ. वर्गातला एक मुलगा, वडील वागळे इस्टेटला कामाला, वर्षभर त्याच्याकडून एक वाक्य लिहून घेता आलं नव्हतं. त्यानं वहीत लिहिलं: 'आज चंद्र नाई दिसला बिलडिंग मदे आली ऊद्या गच्ची वर जानार'. शुद्धलेखन बघू नका. ते वाक्य त्यानं कुणाचं पाहून लिहिलेलं नाही.

तिरकस

हे आवडलं. तरी माझा मुद्दा सोडत नाही.

पनवेलचा_पाहुणा

अवकाशविज्ञान म्हटलं की रॉकेट आणि कृष्णविवर, इथेच गाडी घसरते. आमच्या नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, किती नवी मुंबईकरांना ठाऊक आहे? तिचा इतिहास चौथीतल्या पोराला गोष्ट म्हणून सांगता येतो. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं व्हायची. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेमुळे सुया हलणार, मोजमाप बिघडणार! म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा काढली, लोखंड टाळून बांधलेली. ती आजही चालू आहे. सूर्यावर वादळ झालं की पृथ्वीचं चुंबकत्वही हलतं, आणि त्याच कुलाब्यात सप्टेंबर १८५९ मधल्या प्रचंड सौर वादळाची नोंद झालेली आहे. त्या वादळाचा अभ्यास करणारे जगभरचे लोक आजही कुलाब्याचे आकडे काढून बसतात.

आता आदित्य-एल१ पंधरा लाख किलोमीटरवर बसून सूर्याकडे बघतंय, ते का, हे या गोष्टीनंतर सांगून बघा. प्रयोगाला खर्च नाही. एक होकायंत्र आणि एक लोहचुंबक. होकायंत्राजवळ मोबाइल न्या, सुई हलते, झाली ट्राम.

खडूफळा

हे मी उद्याच करणार आहे. वाचनखूण साठवली.

बे_एरियातला_बंड्या

मूळचा चरईचा, आता इकडे. इथे कॅलिफोर्नियात अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ द पॅसिफिक नावाची जुनी संस्था आहे. तिने १९९०च्या दशकात 'प्रोजेक्ट अ‍ॅस्ट्रो' सुरू केला. एक शिक्षक आणि एक खगोलशास्त्रज्ञ (हौशी आकाशनिरीक्षकही चालतो) यांची जोडी लावायची. तो माणूस वर्षभर त्याच वर्गात जातो, किमान चार वेळा. सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे दोघांचं प्रशिक्षण एकत्र होतं. शास्त्रज्ञाला कळतं की नऊ वर्षांचं मूल किती वेळ बसू शकतं, आणि शिक्षकाला कळतं की शास्त्रज्ञालाही सगळं येत नसतं. भाषण शक्यतो नाहीच, मुलांच्या हाताला काम. फ्रान्समध्येही जॉर्ज शार्पाक या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये प्राथमिक शाळांसाठी असंच काम उभं केलं होतं.

तिरकस

झालं, कॅलिफोर्निया आलं. आता कुणीतरी फिनलंड टाका म्हणजे धागा पूर्ण होईल.

जुनाजाणता

फिनलंड कशाला, होशंगाबाद टाकतो.

१९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांपासून एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. सहावी ते आठवी, म्हणजे प्राथमिकच्या थोडं पुढे. टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक खेड्यातल्या गुरुजींबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करायचे. मुलं पुस्तक उघडं ठेवून परीक्षा द्यायची. शिक्षकांच्या दर महिन्याला बैठका, काय फसलं त्यावर चर्चा. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला, पण तीस वर्षं चालला. त्यात एक 'सवालीराम' होता. खरा माणूस नव्हे, मुलं त्याच्या नावाने पत्र पाठवायची आणि वैज्ञानिक मंडळी उत्तरं द्यायची.

आपल्याकडेही झालंय. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (१९७४) उभं राहिलं ते टीआयएफआरच्या लोकांनी शाळांत जायला सुरुवात केली म्हणून. सत्तरच्या दशकात त्यांनी जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला काम केलं. वाशीचा पूल ओलांडला की हे केंद्र. नेरुळकर, तुमच्यापासून चार स्टेशनांवर खजिना आहे.

आणि नारळीकर सर. सही मागायला आलेल्या मुलांना सांगायचे, पोस्टकार्डावर मला प्रश्न विचार, उत्तराखाली सही येईल. मुलांशी कसं वागावं याचा धडा एका पोस्टकार्डात.

नेरुळकर

जुनाजाणता, आभार. मानखुर्दच्या केंद्रात प्राथमिकच्या खगोलशास्त्रावर चांगलं संशोधन झालंय, ते माझ्या वाचनात आहे. मुलं आकृती बघून जेवढं समजतात त्यापेक्षा हातवारे करून, स्वतः फिरून बरंच जास्त समजतात, अशी त्याची दिशा. एक करून बघा. अंधाऱ्या खोलीत मधोमध बल्ब, तो सूर्य. आपलं डोकं म्हणजे पृथ्वी आणि नाक म्हणजे ठाणे. बल्बकडे नाक केलं की दुपार. आता हळूहळू डावीकडे वळायचं. बल्ब उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून नाहीसा झाला की सूर्यास्त. उजवा हात पश्चिम, डावा पूर्व. नातवाने हे केल्यावर विचारलं, "मग बंड्याकाकाचं नाक कुठे?" मी म्हटलं, जवळजवळ मानेच्या मागे.

बे_एरियातला_बंड्या

माझं नाक असल्या ठिकाणी गेल्याचं प्रथमच ऐकतोय.

चौकटराजा

सूर्यमालेच्या तक्त्यांवर बंदी आणा अशी माझी जुनी मागणी आहे. सगळे ग्रह एका रांगेत, एकमेकांना खेटून. पाचवीच्या परिसर अभ्यासात सूर्यमाला येते तेव्हा आमच्या शाळेत असं करतो: एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर. सूर्य साधारण १४ सेंटिमीटरचा, म्हणजे नेरुळकरांना मिळणारा नारळ. पृथ्वी सव्वा मिलिमीटर, मोहरीचा दाणा, नारळापासून १५ मीटरवर. चंद्र म्हणजे रव्याचा कण, मोहरीपासून चार सेंटिमीटरच्या आत. माणूस आजवर गेलाय तो तेवढाच लांब! गुरू एक गोटी, ७८ मीटरवर, इथे आमचं मैदान संपतं. शनी जरा लहान गोटी, १४३ मीटर, गेटबाहेर वडापावच्या गाडीपाशी. नेपच्यून तुरीचा दाणा, ४५० मीटर, रिक्षा स्टँडच्याही पुढे.

मग मुलं विचारतातच, पुढचा तारा कुठे? या मापाने चार हजार किलोमीटरवर. एवढं ऐकल्यावर वर्ग गप्प बसत नाही, उलट गोंधळ होतो, कारण प्रत्येकाला तिथे रिक्षाने किती होतील ते काढायचं असतं. @तिरकस, हा घ्या भागाकार आणि गुणाकार.

तिरकस

मीटरने की शेअर रिक्षाने?

कोपरीची_काकू

मी शिक्षिका नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच. पण एक सांगू का? संकष्टीचा चंद्रोदय आमच्या घरात मुलांना कधी चुकला नाही, कारण त्याआधी मोदक मिळत नाही. धाकट्याने एकदा विचारलं, दर संकष्टीला चंद्र नऊ-साडेनऊलाच का गं उगवतो, साताला का नाही? माझ्या भावाने त्याला सांगितलं की पौर्णिमेला चंद्र सूर्य मावळता मावळता उगवतो आणि मग रोज पन्नासेक मिनिटं उशीर करतो, चतुर्थीपर्यंत उशीर साठत जातो. त्यानं कॅलेंडर घेऊन दर महिन्याच्या वेळा मांडल्या. शाळेत हे कुणी वापरत का नाही? प्रत्येक मराठी घरात भिंतीवर चंद्रोदयाच्या वेळा टांगलेल्या आहेत.

खडूफळा

काकू, तुम्हाला आमच्या शाळेत मानधनावर घ्यायला हवं. (मानधन मिळणार नाही.)

याच धर्तीवर, दुपारच्या चंद्राचं. आमचं दुपार अधिवेशन. शुद्ध अष्टमीच्या आसपास तीन-चारला पूर्वेकडे चंद्र मस्त दिसतो. सकाळच्या अधिवेशनाला वद्य पक्ष. वद्य अष्टमीला सात वाजता तो अजून वर असतो, मग पश्चिमेला कलत जातो. ना दुर्बीण, ना रात्रीची सहल.

पंचांगी

चांगली चर्चा. फक्त ग्रहांचा मानवी जीवनावर होणारा परिणाम हाही भाग मुलांना शिकवावा, ते आपलं प्राचीन शास्त्र आहे.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुनाजाणता

पंचांगी, शिकवू की, पण तपासून. नारळीकर सरांनी इथेच, महाराष्ट्रात, ती चाचणी घेतली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केली. पत्रिका बघून मूल हुशार की मतिमंद एवढंच सांगायचं होतं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं दिली. बरोबर आलेल्या उत्तरांची सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती.

पंचांगी

त्या ज्योतिषांचा अभ्यास कमी असेल.

कोपरीची_काकू

पंचांग वेगळं आणि भविष्य वेगळं रे बाबा. आमच्या ठाण्याचे दा. कृ. सोमण पंचांगच करतात आणि ग्रहणाला घाबरू नका, बाहेर येऊन बघा, असंही तेच सांगत आलेत.

संपादक

ज्योतिषासाठी वेगळा धागा काढा. इथे प्राथमिक शाळा.

निवृत्त_केंद्रप्रमुख

कामाचं बोलतो. नेरुळकर, मुख्याध्यापिकाबाईंचा होकार पुरत नाही. शिक्षण विभागाचं लेखी पत्र घ्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घेऊन ठेवा. बाहेरचा माणूस वर्गात असताना वर्गशिक्षक तिथे हजर असलाच पाहिजे, हा नियम स्वतःहून पाळा, कुणी सांगायची वाट बघू नका. दुसरं, एका शाळेत अडकू नका. केंद्राची (आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद भरते, तिथे दहा-बारा शाळांचे शिक्षक एकत्र असतात. त्यात अर्धा तास मागा. बहुतेक परिषदांत परिपत्रकंच वाचली जातात, तुम्ही बल्ब घेऊन गेलात तर दुवा देतील.

तिसरं कडू आहे. बाईंकडे वेळ नसतो. मतदार यादीचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, प्रशिक्षणं. तुमचा उपक्रम म्हणजे आणखी एक रजिस्टर असं त्यांना वाटलं की संपलं. अहवाल, फोटो, गुगल फॉर्म यांतलं काही मागू नका.

खडूफळा

+१०००. शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

आता माझा एक खरा प्रश्न, वर्गात अडकलेला. फेब्रुवारीत काठीची सावली मोजली होती. पुस्तकी समज अशी की बारा वाजता सावली सर्वांत लहान. आमची शाळा साडेबाराला भरते, पोरं म्हणाली, "बाई, बारा वाजून गेले, प्रयोग गेला." मी म्हटलं, तरी मोजू. तर सावली आणखी लहान होत गेली! सगळ्यांत लहान पावणेएक ते एकच्या दरम्यान. घड्याळ चुकलं, काठी वाकडी, फरशी उतरती, सगळं म्हणून झालं. मी त्यांना म्हटलं, घड्याळही बरोबर आणि सावलीही बरोबर, कारण शोधू. अजून शोधतेय.

नेरुळकर

बाई, तुमची पोरं बरोबर मोजतात.

आपलं घड्याळ ठाण्याचं नाहीच. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, तिकडे मिर्झापूरच्या बाजूची. ठाणे सुमारे ७३ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्या माथ्याच्या रेषेवर सरासरी ३८ मिनिटं उशिरा येतो, १२:३८ला. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे वर्षभरात ही वेळ मागेपुढे होते. फेब्रुवारीच्या मध्याला १२:५२, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२.

पण चौथीला हे सगळं सांगू नका. दुसरा भाग तर अजिबात नको.

खडूफळा

नाही सांगणार. नागपूरच्या शाळेला फोन करणार. त्यांची सावली आमच्या आधी लहान होत असेल ना?

नेरुळकर

हे मला सुचलं नसतं. हो! नागपूर ७९ अंशांवर, सुमारे २५ मिनिटं आधी. मुलांनी मोजलेल्या दोन वेळा शेजारी लिहिल्या की पृथ्वी फिरते हे त्यांच्या वहीतच दिसेल.

एक अडचण मात्र आहे. सावली अगदी लहान असते तेव्हा तिची लांबी फारशी बदलतच नाही, त्यामुळे नेमकी वेळ पकडता येत नाही. तुमचंही 'पावणेएक ते एक'च आलंय. जुनी शंकूची पद्धत वापरा. काठीभोवती जमिनीवर वर्तुळ काढायचं. दुपारआधी सावलीचं टोक वर्तुळाला आत शिरताना टेकतं ती वेळ, आणि नंतर बाहेर पडताना टेकतं ती वेळ. दोन्हींचा मध्य काढा. फेब्रुवारीत, समजा, ११:४४ आणि २ वाजता टेकलं तर १२:५२.

खडूफळा

पण ११:४४ला आमचं अधिवेशन नसतं.

अरे, म्हणजे पहिली खूण सकाळ अधिवेशनाने करायची आणि दुसरी आम्ही! एकाच इमारतीतल्या दोन शाळा, कपाटाच्या किल्लीवरून धड बोलत नाहीत आम्ही एकमेकींशी.

निवृत्त_केंद्रप्रमुख

हे जमलं तर मी स्वतः बघायला येईन.

रेवती_घोडबंदर

शून्य सावलीचा दिवसही असतो ना ठाण्यात? तो का नाही करत?

चौकटराजा

असतो, १६ मेच्या आणि २७ जुलैच्या आसपास. मेमध्ये सुट्टी, जुलैत पाऊस. मुलांना गावी पाठवताना सांगून ठेवायचं, तिथली तारीख थोडी मागेपुढे असते.

नेरुळकर

बागेतली बैठक झाली. तास आम्ही घेणार नाही. दोन वर्ग, दोन बाई, प्रत्येकीला आमच्यातला एक माणूस वर्षभरासाठी, तोच. त्यांना मराठीत बोलता येतंय याची खात्री करून घेतली आहे. आमच्यातले एक तेलुगू गृहस्थ क्लास लावून मराठी शिकताहेत, त्यांना पुढच्या वर्षी. पहिली भेट स्टाफरूममध्ये, मुलांशिवाय. वर्गात प्रश्नपेटी राहील, चिठ्ठ्या बाई आधी वाचतील आणि आम्हाला काय पाठवायचं ते त्याच ठरवतील. दुर्बीण आणायची नाही असंही ठरलंय, कारण दुर्बीण आणली की मुलं दुर्बीणच बघतात, आणि कुणी ती सूर्याकडे वळवली तर डोळा जाईल. पहिला गट जरा नाराज आहे.

तिरकस

मी सीवूड्सला राहतो. शनिवारी सकाळी मोकळा असतो. वाचन घ्यायला. चंद्राबद्दलचंच काही वाचायला देणार असाल तर हरकत नाही.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री

तिरकसरावांचं हृदयपरिवर्तन. स्क्रीनशॉट घेतला आहे.

वऱ्हाडी_ठेचा

नागपूरकडून हजर. जि.प. शाळेत पाचवी आहे माझ्याकडे. आमची शाळा दिवसभर भरते, त्यामुळं दोन्ही खुणा आमचीच पोरं करतीन, भांडायला दुसरं अधिवेशनच नाही. काठी किती लांब घ्यायची? दोन्हीकडं सारखीच पाहिजे काय?

नेरुळकर

लांबी वेगळी चालेल, आपल्याला वेळ हवी आहे. मात्र काठी ओळंब्याने उभी करा आणि जमीन सपाट बघा. घड्याळं आदल्या दिवशी मोबाइलवरून जुळवून घ्या.

वऱ्हाडी_ठेचा

ओळंबा गवंडीकाम करणाऱ्या पालकांकडून मागवतो. तारीख टाका.

खडूफळा

१० फेब्रुवारी. ढग आले तर ११. बोर्डाच्या परीक्षेची ड्युटी लागली तर त्याच्या आदला आठवडा, व्यनि (खासगी निरोप) करते.